ग्रीक पद्धतीचे क्रेप आणि गोड पदार्थ घरी करायचेत, गणपतीत बिनअंड्याचं काय काय जमेल?

मंगळवारपेठेतली_मावशी

नमस्कार मंडळी. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याचं जहाज बऱ्याचदा पिरेउसला लागतं, म्हणजे अथेन्सचं बंदर. तिथं रात्री उशिरापर्यंत क्रेपची, म्हणजे मैद्याच्या पातळ मऊ पोळ्यांची, दुकानं उघडी असतात म्हणे आणि आमचं पोरगं प्रत्येक फोनवर त्याचंच कौतुक सांगतंय, चॉकलेट घातलेलं, वर केळं, बिस्किटाचा चुरा, आणि कागदाच्या कोनात घालून हातात देतात वगैरे. तो गणपतीत घरी येतोय. मला त्याला आणि घरातल्या सगळ्या पोरांना ते करून घालायचंय, आणि नुसतं क्रेप नाही तर तिकडचं अजून काही गोडधोड जमलं तर तेपण.

आता अडचण अशी की सासूबाई अंडं खात नाहीत, आणि गणपती घरात असताना तर अंड्याचा प्रश्नच येत नाही. गौरीबरोबर विसर्जन झाल्यावर अंड्याचे करता येतील पण तोवर पोराची सुट्टी संपत आलेली असणार. तर बिनअंड्याचे क्रेप खरंच जमतात का, की नुसतं मैद्याचं धिरडं होऊन बसतं? घरात आंबोळीचा बिडाचा तवा आहे आणि एक नॉनस्टिक आहे, त्यातला कुठला वापरू? दूध आमच्याकडं कट्ट्यावरचं म्हशीचं येतं, ते चालेल का? आणि ते हेझलनटचं चॉकलेट स्प्रेड वीस माणसांना पुरेल एवढं आणायचं म्हणजे खर्च बराच होतोय, त्याला घरगुती पर्याय असेल तर सांगा. यूट्यूबवर बघितलं पण प्रत्येकजण वेगळंच सांगतंय, म्हणून इथं विचारतेय. कुणी तिकडं राहून आलेलं असेल तर फार बरं होईल.

शिरोली_फौंड्री

मावशी, तव्याचं मी सांगतो, कारण बीड हा आमचा रोजचा धंदा आहे.

क्रेपच्या दुकानात जी मोठी गोल प्लेट असते ना, ती बहुतेक वेळा बिडाचीच असते, साधारण ४० सेंटीमीटर व्यासाची, आणि गॅसवर किंवा विजेवर २०० डिग्रीच्या आसपास तापवून ठेवतात. बीड हळू तापतं पण एकदा तापलं की थंड पीठ ओतलं तरी उष्णता धरून ठेवतं, त्यामुळं क्रेप झटकन सेट होतो आणि सगळीकडं सारखा रंग येतो. पातळ ॲल्युमिनियमचा तवा पीठ पडल्या पडल्या थंड होतो, मग क्रेप शिजायच्या ऐवजी वाळतो आणि कडा कडक होतात. तेव्हा तुमचा आंबोळीचा तवा एकदम योग्य आहे, फक्त तो सपाट आहे का बघा. आंबोळीचे तवे मधे किंचित खोलगट असतात, तसा असेल तर पातळ पीठ सगळं मधे जमा होणार.

मी आमच्या इथली टेम्परेचर गन घरी आणून बिडाचा तवा मोजून बघितलाय. मोठ्या गॅसवर मधला भाग आणि कडा यात लई फरक पडतो, म्हणून मध्यम आचेवर निवांत दहा-बारा मिनिटं तापवायचा आणि मधून मधून फिरवायचा. गन नसली तरी चालतंय, पाण्याचे थेंब टाकले की ते जागच्या जागी चरचरून उडाले पाहिजेत. थेंब गोळी होऊन तव्यावर पळायला लागले तर तवा गरजेपेक्षा जास्त तापलाय, गॅस कमी करा.

आणि एक, तव्यावर काल मासे किंवा कांदा-लसणाचं काही केलं असेल तर त्या तव्यावर गोड क्रेप करू नका, बीड वास धरतं. कांदा अर्धा कापून तव्याला घासायची सवय असते सगळ्यांना, ती इथं नको. सुती फडक्याची पुरचुंडी करून लोण्यात बुडवायची आणि तिनं पुसून घ्यायचं.

नॉनस्टिकवर पण होतील, सुरुवातीला सोपंच जाईल, पण तो रिकामा तापवत ठेवू नका.

कागलकर_थेस्सलोनिकी

मी ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहरात शिकायला होतो, त्यामुळं या विषयावर मनापासून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी एक सांगतो. क्रेप मूळचा फ्रान्समधल्या ब्रिटनी भागाचा. ग्रीसनं तो उचलला आणि आपल्या पद्धतीनं रस्त्यावरचं खाणं करून टाकला, आकारानं मोठा, भरपूर भरलेला, आणि रात्री मित्रांबरोबर उभ्या उभ्या खायचा. गोड क्रेपमध्ये मेरेंडा हे तिकडचं चॉकलेट-हेझलनट स्प्रेड असतंय, केळं असतंय, आणि पेटी-बर बिस्किटाचा चुरा असतोय. आपलं मारी बिस्कीट त्याच्या अगदी जवळचं. तो चुरा विसरू नका मावशी, भाच्याला जी चव आठवतेय त्यात निम्मा वाटा त्या चुऱ्याचा आहे. स्प्रेड मऊ, केळं मऊ, क्रेप मऊ, मधे दाताखाली काहीतरी लागायला हवं की नको?

दुकानदार कसा करतो ते सांगतो म्हणजे हात बसेल. पळीभर पीठ प्लेटच्या मधे ओततो आणि टी आकाराची लाकडी काठी असते ती पाण्यातून काढून पिठावर नुसती टेकवून मनगटानं गोल फिरवतो. दाबत अजिबात नाही, दाबलं की पीठ काठीबरोबर निघून येतं. काठी सतत पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असते म्हणून पीठ चिकटत नाही. कडा सुटल्या की लांब पातळ उलथनं खालून सरळ मधोमध घालून एका झटक्यात उलटा करतो. मग अर्ध्या भागावरच स्प्रेड लावतो, केळ्याच्या चकत्या, मुठीनं बिस्कीट चुरगाळून, अर्धा दुमडतो, परत तिकोनी घड्या घालतो आणि कागदात सरकवतो. घरी एवढी मोठी प्लेट नसते, तर काठीची गरज नाही, तवा उचलून हातानं गोल फिरवला तरी पीठ पसरतं. पण पोरांना मजा येईल, एखाद्या सुताराकडनं काठी करून घ्या.

आता अंड्याचं. बिनअंड्याचे क्रेप जमतात, त्याचं प्रमाण बाकीचे देतीलच. पण मला वाटतंय तुम्ही सगळा भार क्रेपवर टाकू नका, कारण ग्रीकांचे स्वतःचे जुने गोड पदार्थ कितीतरी असे आहेत की ज्यात मुळातच अंडं नाही. तिगानिटेस म्हणून तव्यावरचं जाडसर धिरडं असतंय, त्याचे उल्लेख इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या नाटककारांच्या लिखाणात सापडतात. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला, त्यानं ते कसं करायचं तेच लिहून ठेवलंय, की तव्यात ऑलिव्ह तेल गरम करायचं, पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं, दोन-तीनदा उलटायचं, आणि काहीजण त्यात मध घालतात तर काहीजण समुद्री मीठ. अंडं नाही, दूध नाही. गणपतीत डोळे झाकून करा.

दुसरा म्हणजे रव्याचा हलवा. ग्रीक लोक ईस्टरच्या आधी जवळजवळ सात आठवडे उपास पाळतात, त्यात मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. त्या दिवसातला त्यांचा हक्काचा गोड पदार्थ हा. प्रमाण सगळ्या घरात पाठ असतंय, एक-दोन-तीन-चार. १ वाटी तेल, २ वाट्या रवा, ३ वाट्या साखर, ४ वाट्या पाणी. तेलात रवा बदामी नाही तर चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा, तोच रंग हलव्याला येतो. दुसरीकडं साखर, पाणी, दालचिनीची कांडी, दोन-तीन लवंगा आणि संत्र्याची साल उकळून पाक तयार ठेवायचा आणि तो हळूहळू रव्यात ओतायचा. इथं सांभाळा, गरम तेलातल्या रव्यात पाक पडला की फसफसून वर उडतो, लांब दांड्याचा चमचा घ्या आणि पोरांना लांब ठेवा. कढईची कड सोडायला लागला की गॅस बंद, वर स्वच्छ फडकं टाकून दहा मिनिटं झाकायचा, मग साच्यात दाबून गार करायचा आणि उलटा काढून वर दालचिनी पूड. गारच खातात, आपल्या शिऱ्यासारखा गरम नाही. तीन वाट्या साखर आपल्याला जास्त वाटली तर दोनावर आणा, फक्त मग पाणीपण थोडं कमी करा.

बुगात्सापण सुचवणार होतो, थेस्सलोनिकीची खरी ओळख ती, कागदासारख्या पातळ पोळीत रव्याचं कस्टर्ड भरून भाजतात, तुकडे करून वर पिठीसाखर आणि दालचिनी. पण ती पोळी हवेत फिरवून ताणायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. या वेळी राहू दे.

घनसाळ_आजरा

मावशी, स्प्रेडचं अजिबात टेन्शन घेऊ नका. आपल्या आजरा-चंदगडचा काजू असताना हेझलनटच्या मागं कशाला लागायचं? हेझलनटचा वास वेगळा हे मान्य, पण चॉकलेटबरोबर भाजका काजू लई भारी लागतो आणि तुकडा काजू घेतला तर स्वस्तात पडतो.

२ वाट्या तुकडा काजू मंद आचेवर भाजायचे, रंग सोनेरी आला पाहिजे, कच्चट ठेवले तर स्प्रेड पिठूळ लागतं. कोमट असतानाच मिक्सरला लावायचे, थांबून थांबून फिरवायचे, आधी कूट होतो, मग गोळा होतो, आणि मग काजूचंच तेल सुटून पातळ व्हायला लागतं, तिथंपर्यंत धीर धरायचा. मग पाव वाटीपेक्षा जरा जास्त कोको पावडर, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दोन-चार चमचे सूर्यफूल तेल. पाण्याचा किंवा दुधाचा थेंब घालायचा नाही, ओला चमचासुद्धा नको, नाहीतर घट्ट गोळा होतो आणि टिकत पण नाही. कोको आणि साखर चाळून घ्या.

बिनअंड्याच्या क्रेपचं माझं प्रमाण: मैदा १ वाटी, कॉर्नफ्लोर २ टेबलस्पून, दूध १ वाटी, पाणी अर्धी ते पाऊण वाटी, वितळलेलं लोणी १ टेबलस्पून, साखर १ चमचा, मीठ चिमूट. तुमचं दूध म्हशीचं आणि तेही कट्ट्यावरचं म्हणजे साय भरपूर, म्हणून पाणी घालायचंच, नुसत्या दुधात केलं तर क्रेप जड होतो आणि आतून शिजायच्या आधी बाहेरून डागाळतो. आधी थोड्या दुधात मैदा गुठळी मोडून कालवायचा मग बाकीचं घालायचं, गाळून घेतलं तर उत्तम. आणि हे पीठ किमान अर्धा तास झाकून ठेवायचं, तासभर ठेवलं तर अजून चांगलं. मैद्याला पाणी प्यायला वेळ मिळतो आणि कालवताना आलेला ताण उतरतो, नाहीतर क्रेप तव्यावर आक्रसतो. अंडं नसल्यामुळं क्रेपला धरून ठेवणारी ताकद कमी असते, म्हणून फार मोठे करू नका, ताटलीएवढे करा, आणि कडा आपसूक सुटेपर्यंत उलथनं लावूच नका.

तांदळाचं काही हवं असेल तर ग्रीकांचं रिझोगालो आहे, आपली तांदळाची खीरच पण घट्ट, गार आणि वर दालचिनी. त्याला बुटका, चिकट होणारा तांदूळ लागतो, आजरा घनसाळ त्याला इतका सुंदर लागतो की विचारू नका. वेलदोडा घालू नका फक्त, नाहीतर लगेच आपली खीर होते.

गुऱ्हाळ_पन्हाळा

वर तिगानिटेसचा विषय निघाला म्हणून लिहितो. ग्रीसमध्ये त्यावर मधाशिवाय पेटिमेझी पण घालतात, म्हणजे द्राक्षाचा रस आटवून केलेला काळसर दाट पाक, साखर न घालता. त्याचं काम आपल्याकडं काकवी अगदी बरोबर करते. दोन्हीची रीतपण किती जवळची आहे बघा, पेटिमेझी करताना रस स्वच्छ व्हावा म्हणून जुन्या पद्धतीत लाकडाची राख घालतात, आणि आपल्या गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी वर यावी म्हणून भेंडीचं चिकट पाणी घालतात. तिकडं द्राक्ष, इकडं ऊस, एवढाच काय तो फरक.

फक्त गणपतीच्या सुमाराला गुऱ्हाळं चालू नसतात, हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतोय. तेव्हा गेल्या हंगामातली काकवी चांगल्या दुकानातून बघून घ्या, बरणी उघडून आंबूस वास येत नाही ना तेवढं बघा. मिळाली नाही तर चांगला सेंद्रिय गूळ थोड्या पाण्यात वितळवून, गाळून, आटवून घ्या.

मधासाठी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच पाटगाव आहे की, भुदरगडातलं मधाचं गाव. ग्रीक लोक थाइमच्या फुलांच्या मधाला फार मान देतात, तो आपल्याकडं नाही पण पाटगावचा जंगली फुलांचा मध त्याच्या जागी शोभेल असा आहे. स्वस्तातला पाकासारखा मध अशा पदार्थाला वापरू नका, कारण इथं मध हीच मुख्य चव आहे.

मंगळवारपेठेतली_मावशी

किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी, खरंच आभार. तवा बघितला, आंबोळीचा जरा खोलगट आहे, पण सासूबाईंचा पोळ्यांचा जुना बिडाचा सपाट तवा माळ्यावर सापडला, तो घासून तेल लावून तापवायला घेतलाय. हलवा नक्की करणार, तो तर सासूबाईपण खातील. दोन शंका आहेत. ग्रीक योगर्ट म्हणजे आपला चक्काच ना, तो क्रेपमध्ये घातला तर चालेल का? आणि ते मधात घोळवलेले गोल तळलेले असतात, भाचा म्हणतो लुकुमादेस, ते कुणी करतं का?

कागलकर_थेस्सलोनिकी

चक्काच, मावशी. तिकडं दही कापडातून गाळतात, आपण पण तेच करतो. तिकडं मेंढीच्या दुधाचं पण असतं, पण तुमच्या म्हशीच्या दुधाचा चक्का तितकाच दाट होईल. फार आंबट नको, एक रात्र विरजलेलं ताजं दही तीन-चार तासच टांगा. क्रेपमध्ये चक्का, मध, अक्रोड, चिमूटभर दालचिनी असं घाला, साखर नाही. मोठ्यांना चॉकलेटपेक्षा हेच जास्त आवडेल.

राजारामपुरी_बेकर

लुकुमादेस मी घरच्या ऑर्डरला करते, त्यामुळं हे माझ्यावर सोडा. अंडं नाही, दूध नाही, गणपतीत बिनधास्त. अथेन्सच्या एओलू रस्त्यावर क्रिनोस म्हणून १९२३ पासूनचं दुकान आहे, तिथले प्रसिद्ध आहेत, भाच्याला विचारा, खाल्ले असतील त्यानं.

२५० ग्रॅम मैदा, १ टीस्पून इन्स्टंट यीस्ट, १ टीस्पून साखर, अर्धा टीस्पून मीठ, २ चमचे कॉर्नफ्लोर, आणि २४० मिलीच्या आसपास कोमट पाणी. पाणी बोटाला नुसतं उबदार लागलं पाहिजे, कडकडीत घातलं तर यीस्ट मरतं. पीठ भज्याच्या पिठापेक्षा सैल आणि ओढलं तर तार सुटेल असं हवं. ते पाच मिनिटं हातानं खालून वर असं फेटायचं, झाकून तासभर ठेवायचं, फुगून दुप्पट होतं आणि वर बुडबुडे दिसतात. पावसाळी गारठा असेल तर दीड तास लागतो, घड्याळाकडं नाही तर पिठाकडं बघा.

सोडायची एक पद्धत आहे. डाव्या हातात पीठ घ्यायचं आणि मूठ हळू आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो तेलात बुडवलेल्या चमच्यानं कापून कढईत सोडायचा. प्रत्येक वेळी चमचा तेलात किंवा पाण्यात बुडवला की गोळा गुळगुळीत सुटतो. पाण्यात बुडवला तर झटकून घ्या, थेंब तेलात पडले की उडतंय. तेल १७० ते १८० डिग्री. थंड तेलात सोडले तर तेल पितात आणि गार झाल्यावर चामट लागतात, जास्त तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चं पीठ. टाकल्यावर एक-दोन सेकंदात वर आले पाहिजेत. सतत झाऱ्यानं वरून तेल घालत फिरवा म्हणजे सगळीकडून सारखा रंग येतो.

कुरकुरीत राहायला हवेत तर मधात बुडवून ठेवायचे नाहीत. ताटात काढायचे, खायच्या वेळी मध कोमट करून वरून ओतायचा, मग भाजलेले तीळ किंवा अक्रोडाचा चुरा आणि दालचिनी. पाच मिनिटात संपवायचे. म्हणून हे आधी करून ठेवू नका, पोरं पानावर बसली की तळायला घ्या. क्रेप मात्र दुपारीच करून ठेवले तरी चालतात, एकावर एक रचून वर ओलसर सुती फडकं आणि त्यावर ताट पालथं, म्हणजे कडा वाळत नाहीत. वाढताना तव्यावर अर्धा अर्धा मिनिट टाकायचे आणि तिथंच स्प्रेड लावून दुमडायचे. चक्का घालणार असाल तर तो तव्यावर नको, ताटात घेतल्यावर घाला, उष्णतेनं पाणी सोडतो.

शिरोली_फौंड्री

मावशी, माळ्यावरच्या तव्यावर गंज असेल तर तारेच्या घासणीनं पूर्ण काढा, धुवून लगेच गॅसवर कोरडा करा आणि मग अगदी पातळ तेलाचा हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा. जाड तेल लावलं तर चिकट थर बसतो. हे तीन-चार वेळा करा, एकाच दिवसात केलं तरी चालतंय. पहिले दोन-तीन दिवस त्यावर नेहमीच्या चपात्या करा, क्रेप त्यानंतर.

मंगळवारपेठेतली_मावशी

बरं, उद्यापासून चपात्या त्याच तव्यावर. यीस्ट आणि कोको लक्ष्मीपुरीतून आणते, पाटगावच्या मधासाठी गारगोटीच्या पाहुण्यांना फोन केलाय. काजूचं स्प्रेड आधी करून ठेवलं तर बाहेर किती दिवस राहील?

घनसाळ_आजरा

कोरड्या काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरला तर पंधरा दिवस आरामात. पावसाळ्याची हवा आहे म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं तरी हरकत नाही, फक्त लावायच्या आधी तासभर बाहेर काढा, घट्ट असताना लावायला गेलात तर क्रेप फाटेल.